शिळेवर नसलेली रीत

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाला राजा नव्हता. गावाच्या मधोमध मोठं तळं होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला वरची आळी, खालच्या अंगाला खालची आळी. वरच्या आळीतली माणसं तळ्याकाठच्या लव्हाळ्याच्या चटया विणत, खालच्या आळीतली भात पिकवत. भातासाठी पाणी सोडावं लागे, लव्हाळ्यासाठी ते राखावं लागे. त्यामुळे तळ्याचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, यावरून दोन्ही आळ्यांचं कधीच एकमत होत नसे.

दर तीन वर्षांनी, सुगी आटोपली की, पारावर दोन मडकी मांडली जात. दोन्ही आळ्यांतली बाया-माणसं एकेक चिंचोका घेऊन येत आणि ज्याला कारभारी करायचं त्याच्या मडक्यात टाकत. चिंचोके ज्याचे जास्त, तळ्याच्या दाराची किल्ली त्याच्याकडे. पाराशेजारी एक काळी शिळा उभी होती. कारभारी कसा निवडायचा, किल्ली त्याच्याकडे किती वर्षं राहायची आणि दर पौर्णिमेला सकाळी सभा भरवायची, एवढंच त्या शिळेवर कोरलेलं होतं.

बाकीचं कुठंच लिहिलेलं नव्हतं. निकालाच्या संध्याकाळी जिंकलेला माणूस तळ्याच्या बांधावरून चालत हरलेल्याच्या घरी जाई आणि त्याच्या घरचं दोन घास जेवून येई. सभेत पहिला शब्द हरलेल्याचा असे. त्याचं बोलून झालं की मग कारभारी बोले. दार उघडायला जाताना कारभारी दुसऱ्या आळीतलं कोणीतरी सोबत घेई. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आजे-पणजे करत आले, म्हणून सगळे करत होते.

खालच्या आळीत हैबती नावाचा एक माणूस राहत होता. अंगानं धिप्पाड, बोलायला चटपटीत, कामाला वाघ. ओळीनं दोन वर्षं त्याच्या आळीतलं भात पाण्यावाचून वाळलं होतं, आणि त्या वेळी किल्ली होती वरच्या आळीतल्या चिमाबाईकडे. सगळं गाव तिला चिमाक्का म्हणे. चिमाक्का पाणी सोडताना हात आखडता घेते, हे हैबतीच्या मनात सलत होतं. त्या वर्षी त्यानं आपलं मडकं मांडलं आणि तो थोडक्यात निवडून आला.

आळीत हलग्या वाजल्या. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. दिवस कलायला लागला तसा त्याचा मित्र बाळकू म्हणाला, "आता चिमाक्काकडे जायचं ना जेवायला?"

हैबतीच्या डोळ्यांपुढे वाळलेली खाचरं उभी राहिली. तो म्हणाला, "का जायचं? दोन वर्षं आमच्या तोंडचा घास गेला आणि मी तिच्या घरी जाऊन जेवू?"

"पण रीत आहे."

"कुठं लिहिलंय?" हैबती म्हणाला. "शिळेवर आहे का? दाखव मला."

बाळकू शिळेपाशी जाऊन आला. शिळेवर तसं खरंच काही नव्हतं. हैबती गेला नाही. तळ्यापलीकडे चिमाक्काच्या अंगणात दिवा लागलेला दिसत होता. तो बराच वेळ तेवत होता, मग कोणीतरी तो आत नेला.

पौर्णिमेला सभा भरली. सवयीनं चिमाक्का पदर सावरून उठली. तेवढ्यात हैबती म्हणाला, "थांबा अक्का. कारभारी मी आहे. आधी मी बोलणार."

पारावर कुजबूज झाली. एक म्हातारा म्हणाला, "अरे, पहिला शब्द हरलेल्याचा असतो."

"कुठं लिहिलंय?"

सगळे चिमाक्काकडे बघायला लागले. ती उभीच होती.

"नाही बाबा लिहिलेलं," ती शांतपणे म्हणाली. "लिहायची गरजच कोणाला वाटली नाही." आणि ती खाली बसली.

दार उघडायलाही हैबती एकटाच जाऊ लागला. सुरुवातीला सगळं फार छान चाललं. सभा लवकर संपायच्या. पूर्वी एका दाराच्या गोष्टीवर उन्हं डोक्यावर येईपर्यंत वाद चालायचा, आता हैबती सांगायचा आणि माणसं मान डोलवून घरी जायची. खालच्या आळीत भात पोटरीला येऊन कणसं धरायला लागलं की पाणी हजर. लोक म्हणाले, कारभारी असावा तर असा. हैबतीलाही तसंच वाटत होतं.

हळूहळू वरच्या आळीतली माणसं सभेला येईनाशी झाली. जी येत ती मागं बसत आणि काही विचारलं तर म्हणत, "तुम्ही म्हणाल तसं." हैबतीला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. चिमाक्का सभेत त्याच्या वडिलांशी भांडायची ते त्याला आठवे. वडील चिडून घरी येत, पण जेवता जेवता मध्येच थांबून म्हणत, "बाई बोलली त्यात तथ्य आहे." आता हैबती जेवायला बसे तेव्हा आठवावं असं कोणी काही बोललेलंच नसे.

तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. हैबतीनं दरवर्षीसारखं दार पुरतं उघडलं. तळ्याची पातळी झपाट्यानं खाली चालली होती. वरच्या आळीतल्या प्रत्येक घरातून ते दिसत होतं, कारण त्यांची अंगणंच तळ्याला लागून होती. पण कोणी येऊन सांगितलं नाही. हैबती बांधावर गेला तेव्हा तळ्याच्या मध्यभागी चिखलाला भेगा पडल्या होत्या. लव्हाळा पिवळा पडला होता. भाताला शेवटचं पाणी मिळालं नाही, तेही गेलं.

हैबती तसाच वरच्या आळीत शिरला. पहिल्याच घरापुढे एक चटईवाला रिकाम्या हातांनी बसला होता.

"तुम्हांला दिसत होतं. मग बोलला का नाहीत?" हैबतीनं विचारलं.

"बोलायची पाळी आमची असायची," तो माणूस म्हणाला, "ती राहिली नाही. पाळी नसताना बोलणारा आगाऊ ठरतो, कारभारी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हैबतीला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी दोन्ही आळ्यांतली कितीतरी घरं कुलूप लावून कामाच्या शोधात घाटाखाली गेली. सुगीच नव्हती, पण वर्षं भरली म्हणून मडकी मांडली गेली. चिमाक्का निवडून आली.

हैबती घरी आला. त्याची बायको गोजरा चुलीपाशी बसली होती. घरात होते तेवढे तांदूळ तिनं शिजवले होते, वर कुळथाचं पिठलं.

"कोणासाठी एवढं?" त्यानं विचारलं.

"चिमाक्का येतील ना."

हैबती ओट्यावर जाऊन बसला. त्याला लहानपणची एक संध्याकाळ आठवली. वडील हरले होते. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आणि मग चिमाक्का आली, तेव्हा ती तरणी होती, दारातूनच म्हणाली, "वहिनी, भूक लागलीय." आई हसली. वडीलही हसले. जेवताना ती आणि वडील पुन्हा तळ्याच्या दारावरूनच भांडले, पण ते भांडण वेगळं होतं, हात न धुता ताटावरच बसून केलेलं. चिमाक्का गेल्यावर वडील शांत झोपले होते. हरलेला माणूस आपल्याच गावात परका होत नाही, हे हैबतीनं त्या संध्याकाळी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि विसरला होता.

बांधावर कोणी दिसत नव्हतं. वरच्या आळीतून हलग्यांचा आवाज येत होता. गोजरानं दोनदा भाताचं झाकण काढून पाहिलं. शेवटी ती बाहेर आली.

"येणार नाहीत का हो?"

"मी गेलो नव्हतो, गोजरा," हैबती म्हणाला.

दोघं जेवायला बसली. भात गार झाला होता.

पुढच्या सभेत चिमाक्काचा पुतण्या नाथा पुढं येऊन बसला. बाईचं वय झालं होतं, म्हणून किल्ली त्याच्याच कमरेला होती. हैबती बोलायला उठला, तर नाथानं हातानंच त्याला खाली बसायची खूण केली. "आधी आम्ही," तो म्हणाला. "दुसरं काही शिळेवर लिहिलेलं नाही, तुम्हीच सांगितलंत." सभेत हशा पिकला. चिमाक्का हसली नाही, पण तिनं नाथाला अडवलंही नाही. तळ्याचं दार पुरतं लावायचं आणि पुन्हा लव्हाळा वाढेपर्यंत उघडायचं नाही, असं ठरलं.

पावसाळा बरा झाला. तळं भरलं. पण दार बंदच. मग पावसानं उघडीप दिली आणि खालच्या आळीत भाताची रोपं पिवळी पडायला लागली. एका दुपारी बाळकू आठ-दहा माणसं घेऊन हैबतीच्या घरी आला. काहींच्या हातांत पहारी होत्या.

"उद्या पहाटे दार फोडायचं," बाळकू म्हणाला. "तू पुढं हो. तू असलास की सगळी आळी येईल."

"किल्ली त्यांच्याकडे आहे," हैबती म्हणाला. "गावानं निवडलंय त्यांना. आपण हरलो आहोत."

"हरलो तर हरलो. हरलेल्यानं हार मानायची, हे कुठं लिहिलंय?"

बाळकू खोडीनं बोलला नव्हता. तो अगदी सरळपणे विचारत होता. हैबती त्याच्याकडे बघत राहिला. खरंच, ते कुठं लिहिलेलं होतं? जास्त चिंचोके ज्याचे तो कारभारी, एवढंच शिळेवर होतं. दुसऱ्यानं गुपचूप घरी जावं, पहार उचलू नये, तीन वर्षं थांबावं, हे शिळा सांगत नव्हती. आजवर जे जे हरले ते गुपचूप घरी गेले, कारण संध्याकाळी कोणीतरी त्यांच्याकडे जेवायला येणार होतं आणि पौर्णिमेला पहिला शब्द त्यांचा असणार होता. त्यानं एक वीट काढली होती आणि भिंत कशावर उभी आहे ते आता त्याला दिसत होतं.

"मला आजचा दिवस द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"चिमाक्काकडे जाऊन येतो."

"हरलेल्यानं जायची रीत नाही," एक जण म्हणाला. "जिंकलेल्यानं यायचं असतं."

"ठाऊक आहे," हैबती म्हणाला आणि पायांत वहाणा घातल्या.

बांध एरवी चार पावलांचा वाटायचा. त्या दुपारी तो संपेना. दोन्ही आळ्यांतून माणसं बघत होती. वरच्या आळीत कोणी त्याला अडवलं नाही, कोणी 'या' म्हणालं नाही. चिमाक्का अंगणात चटई विणत बसली होती. तिनं मान वर केली, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारची जागा हातानं झाडली. हैबती बसला.

मग हैबती म्हणाला, "अक्का, मी जिंकलो त्या वर्षी तुम्ही स्वयंपाक केला होता?"

"केला होता. तुला वालाची उसळ आवडते, ती केली होती."

"मग?"

"मग काय. सकाळी शेजारणीकडे दिली. अन्न टाकवत नाही." तिनं विणीतला दोर ओढून घट्ट केला. "जिंकले त्या दिवशी मीही निघाले होते तुझ्याकडे. बांधापर्यंत आले. नाथा आणि आळीतली पोरं आडवी आली. म्हणाली, तो आला होता का? परत फिरले."

"तुम्ही यायला हवं होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू."

"नको म्हणूस. पण यायलाच हवं होतं. रीत मोडली की काय होतं ते मी पाहिलं होतं. तू तरी अजाण होतास."

हैबती तळ्याकडे बघत म्हणाला, "माझी माणसं उद्या पहाटे दार फोडणार आहेत. मी त्यांना आजचा दिवस मागून घेतलाय. उद्याचा मागता येईल असं वाटत नाही."

चिमाक्काचे हात थांबले. "हे मला सांगितलंस तर तुझी आळी तुला काय म्हणेल?"

"म्हणेल ते म्हणेल."

तिनं चटई बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात जाऊन म्हणाली, "नाथा, किल्ली दे."

आत बराच आवाज झाला. नाथा म्हणत होता की आत्ता दार उघडलं तर वरची आळी तिला कधी माफ करणार नाही, पुन्हा तिच्या मडक्यात एक चिंचोका पडणार नाही. "नको पडू दे," एवढंच चिमाक्काचं उत्तर हैबतीला ऐकू आलं. ती किल्ली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चल. दोघांनी जायचं असतं."

त्यांनी दार थोडंसं उघडलं. रोपं जगतील आणि लव्हाळाही बुडासकट सुकणार नाही, एवढंच. एवढंच का, म्हणून खालच्या आळीतली माणसं कुरकुरली. एवढं तरी का, म्हणून वरच्या आळीतली. पण पहारी घरोघर परत गेल्या. परतीच्या वाटेवर चिमाक्का हैबतीच्या घरापाशी थांबली. गोजरा दारात उभी होती.

"उशीर झाला गं," चिमाक्का म्हणाली. "काही असेल ते वाढ."

पौर्णिमेच्या सभेत पहिला शब्द हैबतीला मिळाला. तो फार बोलला नाही. घसा साफ केला, दारासंबंधी दोन गोष्टी सांगितल्या आणि खाली बसला. मग एका शहाण्या माणसानं सुचवलं की या सगळ्या रीती आता शिळेवरच कोरून टाकाव्यात, म्हणजे पुन्हा प्रश्न नको. सगळ्यांना पटलं. पाथरवट छिन्नी घेऊन आला.

"काय कोरू?"

"जिंकलेल्यानं हरलेल्याच्या घरी जायचं."

"घरी म्हणजे उंबऱ्यापर्यंत की आत?" कोणीतरी विचारलं.

"आत. जेवायला."

"नुसतं पाणी प्यायलं तर चालेल?"

"आणि जाऊन तोंड फुगवून बसला तर?"

"पहिला शब्द दिला, पण ऐकलंच नाही, तर?"

उन्हं तापली तरी एक ओळही ठरेना. पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. चिमाक्का म्हणाली, "राहू दे. मनातून जायचं नसेल तर शिळेवरच्या अक्षरांतूनही माणूस वाट काढतो. कुठं लिहिलंय असं पुन्हा कोणी विचारलं, तर त्याला माझ्याकडे नाहीतर हैबतीकडे धाडा."

चिमाक्का पुन्हा कधी निवडून आली नाही. काही वर्षांनी ती वारली तेव्हा तिच्या तिरडीला खांदा द्यायला हैबती खालच्या आळीतून आला आणि नाथानं सरकून त्याला जागा दिली.

त्यानंतर गावात रीत मोडली नाही. कधी खालच्या आळीचा माणूस जिंकला, कधी वरच्या. जिंकणारा बांधावरून जात राहिला. पण एक फरक पडला होता, आणि तो हैबतीइतका कोणाला बोचत नव्हता. निकालाच्या संध्याकाळी आता सगळं गाव दारांत उभं राही. जातो का, हे बघायला. पाऊल बांधावर पडलं की दोन्ही काठांवर सुटकेचा श्वास ऐकू येई. हैबतीच्या लहानपणी असं कोणी उभं राहत नसे. बाया चुलीपाशी असत, माणसं गोठ्यात, मुलं खेळत असत. बांधावरून जाणाऱ्या माणसाकडे कोणाचं लक्षही नसे. वाट बघावी लागत नव्हती, कारण तो जाणारच होता.

हैबती म्हातारा झाला. त्या तसल्या एखाद्या साध्या संध्याकाळसाठी त्याचा जीव तळमळे, जिच्यात काही बघण्यासारखं नसेल. ती पुरती परत आणायची म्हटलं तरी ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

अशाच एका निकालाच्या संध्याकाळी गोजरा दारात उभी राहून बांधाकडे बघत होती. शेजारीपाजारीही बाहेर आले होते. हैबती काठी टेकत दारापर्यंत आला, घटकाभर उभा राहिला आणि मागं फिरला.

"अहो, आत कुठं चाललात? निघेलच तो आता," गोजरा म्हणाली.

"निघेल ना? मग बघायचं काय त्यात," हैबती म्हणाला. तो आत जाऊन चुलीपाशी बसला, विस्तवावरची राख फुंकली आणि भात शिजलाय का ते बघू लागला.

तात्पर्य एवढंच घ्यावं: लोकांचा कारभार जितका लिहिलेल्या नियमांवर चालतो, तितकाच न लिहिलेल्या भरवशावर चालतो. तो भरवसा मोडायला एक संध्याकाळ पुरते. नंतर रीत पुन्हा पाळता येते, पण ती कोणी न बघता पाळली जाईल असे दिवस परत यायला कित्येक पिढ्या जातात.